काळं दिसलं तर घाबरू नकोस

१२ जुलै

आमच्या घराण्यातल्या पहिल्यावहिल्या अर्धवट डॉक्टरीणबाईंना,

पुढे वाचण्याआधी खोलीचं दार लावून घे, कारण हे पत्र मी ओरडून लिहिते आहे.

रविवारी तू आलीस, आनंद झाला. माझं पार्लर बायकांनी भरलं होतं. एकीच्या डोक्याला अर्धा रंग लागला होता, दुसरी भुवया कोरून घ्यायला बसली होती. तू पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढलीस आणि सभेत जाहीर करावं तसं जाहीर केलंस, "मावशी, आतून पांढरीफटक पडली आहेस गं! हा अ‍ॅनिमिया आहे."

नर्सिंगला जाऊन तुला महिना झाला नाही. अजून इंजेक्शनची सुई धरायला दिली नसेल कुणी, पण आजाराचं नाव ठेवायचा परवाना मिळालेला दिसतोय. भुवयावाली एक भुवई तशीच ठेवून उठून गेली. तिला वाटलं, माझं तिला लागेल. आता ती एका भुवईनिशी गावभर माझी जाहिरात करत फिरते आहे.

मी दमते, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. तुझ्या पुस्तकात उभं राहण्याला काय म्हणतात ते माहीत नाही, आमच्यात त्याला काम म्हणतात.

फोन न करता पत्र का लिहिते, ते तुला माहीतच आहे. फोनवर तू सुरू झालीस की मला एक शब्द घालायला फट मिळत नाही.

आणि नीट ऐक. तुझ्या आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. ताई गेली दोन वर्षं "पार्लर बंद कर, माझ्याकडे राहायला ये" असा घोषा लावून बसली आहे. तिला फक्त एक निमित्त हवंय. मला तुझी आई आवडते, पण तिच्या घरात दिवसभर खुर्चीवर बसून तिने आणलेली भाजी निवडायला मी अजून म्हातारी झालेली नाही. हे दुकान गेलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. शपथ घे.

तुझी (पांढरीफटक) मावशी

१९ जुलै

तीर्थरूप मावशीस, जमेल तितका वाकून नमस्कार.

शपथ घेतली. आईला काही सांगणार नाही.

भुवयावालीला आधी निरोप दे की अ‍ॅनिमिया लागत नाही. तो द्यायचा म्हटला तरी कुणाला देता येत नाही. दुसरी भुवई कोरून घ्यायला तिला बोलाव, अर्ध्या दरात कर, माझ्या नावावर मांड.

आता तुझ्या "काम" नावाच्या आजाराविषयी. रक्तात तांबड्या पेशी असतात, त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. ते बनवायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी, म्हणजे हमाल कमी आणि माल तेवढाच. मग हृदय बिचारं त्याच चार हमालांना पळवत राहतं. धाप लागते, छातीत धडधडतं, माणूस पांढरं पडतं. तू मला रविवारी काय म्हणालीस? "हल्ली आपला जिना लांब झाल्यासारखा वाटतो." मावशी, जिने लांब होत नसतात.

रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी आलं तर लोहाच्या गोळ्या सुरू कर. चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोहाला अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. पालेभाजी खा, ती फक्त निवडायची नसते. आणि आमच्या पुस्तकात एक गोष्ट चौकटीत छापली आहे, तुझ्यासाठी खास उतरवते: या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. काळं दिसलं तर घाबरू नकोस.

तुझी अर्धवट भाची

६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

बस, हस, मिरव. हिमोग्लोबिन नऊ आलं. तू बरोबर निघालीस याचं मला जे दुःख झालं, ते पांढरं पडल्याच्या दुःखापेक्षा मोठं आहे. डॉक्टरकडे नुसती रांग बघून परत आले. कागद मेडिकलवाल्याला दाखवला. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पुढे सरकवली. माणूस चांगला आहे, प्रश्न विचारत नाही.

काळं म्हणालीस ते अगदी तुझ्या चौकटीतल्यासारखं. मी मुळीच घाबरले नाही.

आता माझा दिवस कसा जातो ते ऐक, म्हणजे तुझ्या जिवाला समाधान. उठल्यावर चहा. चहाबरोबर गुडघ्याची गोळी, मेडिकलवाला देतो ती पिवळी. तिच्याशिवाय माझं पार्लर उघडत नाही. मग तुझ्या हुकुमाप्रमाणे थांबायचं, लिंबूपाणी, लोहाची गोळी. संध्याकाळी परत पिवळी. एवढं सगळं गिळून झालं की जेवायला भूकच राहत नाही. पोटात जळजळतं ते वेगळं. तुझं लिंबूपाणी बाधतंय मला. सांगून ठेवते.

भुवयावाली आली. दुसरी भुवई मी अशी बारीक केली आहे की दोन्ही मिळून एक प्रश्नचिन्ह वाटावं.

मावशी

२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

गोळ्या वेळेवर घेतेस हे वाचून ऊर भरून आला. लिंबू अर्धंच पिळ, जळजळ थांबेल.

आमचा नवा पाठ सुरू झालाय, रक्तवाहिन्यांचे विकार, आणि वर्गात बसल्या बसल्या मला सारखी तूच दिसतेस! तुझ्या पोटऱ्यांवर त्या निळ्या दोऱ्या आहेत ना, वेड्यावाकड्या फुगलेल्या? शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. रक्त वर चढतं आणि झडप मागून दार लावते, म्हणजे ते परत खाली येत नाही. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं की दारं ढिली पडतात, रक्त खाली साचतं, शिरा फुगतात. तू तर अख्खा पाठ आहेस पाठ्यपुस्तकातला, चित्रासकट. घट्ट मोजे घाल, दुपारी पाय उशीवर ठेवून पड, एका जागी खांबासारखी उभी राहू नकोस. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखला, तर तो चोळत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. आत गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाते.

रक्तदाबही मोजून घे. तो पुढच्या आठवड्यातला पाठ आहे.

भाची

१० ऑक्टोबर

मा. प्राध्यापिकाबाईंच्या सेवेशी,

विनंती अर्ज. आपल्या अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका मला पाठवावी. माझे आजार आपल्या पाठांच्या क्रमाने होत आहेत हे आता माझ्या ध्यानात आलं आहे, तेव्हा पुढे काय होणार आहे ते आधी कळलं तर तयारीला वेळ मिळेल. जुलैत मी पांढरी होते. सप्टेंबरात माझ्या शिरांच्या झडपा गेल्या. परवा तू फोनवर रक्तदाब काढलास. बाळंतपणाचा पाठ कधी आहे तेवढं कळव, म्हणजे मी गावाला जाईन.

मोजे आणले. असे घट्ट आहेत की ते चढवताना जेवढं रक्त आटतं तेवढं तुझ्या सगळ्या पाठांनी मिळून भरून निघणार नाही. रक्तदाब मोजला. कमी निघाला. आमच्या घराण्यात कुणाचंच काही जास्त नसतं, तुझ्या आईचं बोलणं सोडून.

रक्त पुन्हा तपासलं. सात. होय, सात. एवढ्या गोळ्या गिळून नऊचे सात झाले. मेडिकलवाला म्हणतो, कंपनी बदलू. मी म्हटलं, बदल बाबा, भाची तर बदलता येत नाही.

काल एका बाईचे केस कापताना जरा डोळ्यापुढे अंधारी आली. फार नाही. मी आरसा धरून उभी राहिले, बाईला कळलंसुद्धा नाही. फक्त केस एका बाजूला तिरके गेले. तिला सांगितलं, ही नवीन पद्धत आहे. खूश होऊन गेली. यातलं ताईला काही नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुझी पाठ्यपुस्तक मावशी

१४ ऑक्टोबर

मावशी,

आज थट्टा नाही.

तुझं पत्र मी आमच्या मॅडमना वाचून दाखवलं. हसायला म्हणून दाखवलं होतं. "सात" आल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "वय काय? पाळी बंद झाली आहे? मग या बाईचं लोह जातंय कुठे?" मी म्हटलं, पालेभाजी खात नाही. त्या म्हणाल्या, "पालेभाजी न खाऊन गोळ्या चालू असताना नवाचे सात होत नाहीत. रक्त कुठून तरी वाहतंय. दुसरं काय घेते ती?" आणि मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून निघालं, गुडघ्याची पिवळी गोळी. दिवसातून दोनदा. रिकाम्या पोटी. चहाबरोबर.

मावशी, त्या गोळ्यांनी पोटाच्या आतलं अस्तर सोलवटतं, आत व्रण होतो. तो थेंब थेंब झिरपतो. ते रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत काळं होतं. डांबरासारखं, चिकट, उग्र वासाचं. मी तुला लिहिलं, काळं दिसलं तर घाबरू नकोस. मी तुझ्या धोक्याच्या घंटेवर स्वतःच्या हाताने कापड गुंडाळलं. तू जळजळ लिहिलीस, भूक नाही लिहिलंस, पिवळी गोळी लिहिलीस. सगळं लिहिलं होतंस. मी लिंबू अर्धं पिळायला सांगितलं.

सकाळपासून चार फोन केले. तू म्हणालीस, "डोक्याला रंग लावलाय एकीच्या, पत्रात लिही," आणि ठेवून दिलास. म्हणून मी आईला फोन केला. सात, काळं, पिवळी गोळी, अंधारी, एवढं सांगितलं; माझं ते वाक्य सांगायला जीभ रेटली नाही. शपथ मोडली. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आई तुला घेऊन इस्पितळात पोचलेली असेल, अशी मी आशा करते. पिवळी गोळी आत्ताच्या आत्ता बंद कर. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण बरी होऊन दे.

२९ ऑक्टोबर

शपथमोडीबाई,

ताईच्या घरातून लिहिते आहे. खुर्चीवर बसून. समोर भाजीची परडी आहे. झालं समाधान?

तुझी आई त्या दिवशी पार्लरमध्ये अशी शिरली की धाडच पडली. रंग लावलेल्या बाईला तशीच सोडून मला रिक्षात कोंबलं. वाटेत मी तुला जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, तू नर्सिंगची मुलगी आहेस, नको ते शब्द कानावर पडायचे. इस्पितळाच्या पायरीवर मला पुन्हा अंधारी आली आणि या वेळी धरायला आरसा नव्हता. पडले. ताईने आरडाओरडा केला म्हणे. मला आठवत नाही, पण तिथल्या वॉर्डबॉयला आठवतंय, मी तिथे होते तोवर मला बघितलं की तो कानावर हात ठेवायचा.

दुर्बीण घातली घशातून. व्रण निघाला, आणि त्यात एक उघडी शीर. तिथल्या तिथे बंद केली. रक्ताच्या पिशव्या चढवल्या. परक्या माणसांचं रक्त अंगात आहे आता माझ्या, त्यांच्यापैकी कुणाला तरी पालेभाजी आवडत असावी, कारण कालपासून मला चक्क भूक लागते.

डॉक्टर तरुण होता, कपाळावर आठ्या म्हाताऱ्याच्या. विचारायला लागला, "एवढे दिवस काळं होत होतं तर आला का नाहीत? काळं चालतं असं तुम्हाला सांगितलं कुणी?" ताई कान टवकारून उभी. मी म्हटलं, "कुणी नाही. माझं मीच ठरवलं. मी हट्टी आहे, यांना विचारा." ताईने जोरजोरात मान हलवली. माझ्या बाजूने ती उभी राहिली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

तेव्हा तुझं नाव कुठे आलेलं नाही. राग मात्र आहे. पार्लरला कुलूप आहे आणि किल्ली तुझ्या आईच्या पदराला.

मावशी

४ नोव्हेंबर

मावशी,

तू माझ्यासाठी खोटं बोललीस, हे आईनेच मला सांगितलं. तिला वाटतं तू खरं बोललीस. मी तिला खरं सांगितलं नाही, म्हणजे आता आपण दोघी खोट्या.

मी कॉलेज सोडते आहे. अर्ज लिहून ठेवला आहे, पुढच्या सोमवारी देईन. ज्या मुलीने पुस्तकातली एक चौकट उतरवून स्वतःच्या मावशीला मरणाच्या दारात नेऊन सोडलं, तिच्या हातात उद्या अख्खा वॉर्ड द्यायचा? मी तुझ्यावर पाठ करत होते, मावशी. तुला कधी नीट विचारलंच नाही.

आईकडून किल्ली मागते आहे. ती देईल असं वाटतं.

९ नोव्हेंबर

गाढवे,

हे पत्र सोमवारच्या आधी पोचावं म्हणून मी तुझ्या आईला पोस्टात पळवलं आहे. तिला वाटतंय मी तुला पालेभाजीची कृती पाठवते आहे.

तू मला मरणाच्या दारात नेलंस? एवढी हुशार तू कधीपासून झालीस? ऐक आता, आणि हे वाचून झाल्यावर फाडून टाक.

लोहाची पहिली गोळी मी ऑगस्टच्या सुरुवातीला घेतली. काळं मला जूनपासूनच होत होतं. तू पापणी ओढायच्या आधीपासून. डांबरासारखं म्हणालीस ना, तसंच, आणि वास असा की संडासाबाहेर अगरबत्ती लावायचे. मला काय कळत नव्हतं? माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, असंच काळं होऊन दोन महिन्यांत गेले. त्यांना पोटात गाठ होती. मी म्हटलं, आपलंही तेच. डॉक्टरकडे गेलं तर तो गाठ म्हणणार, ताई कुलूप लावणार, आणि मी तिच्या घरात खाटेवर पडून मरणाची वाट बघणार. त्यापेक्षा उभ्या उभ्या जावं, कात्री हातात घेऊन.

म्हणून तू शिरा, रक्तदाब काहीही बोललीस तरी मी ऐकत गेले, जूनचं तेवढं बोलले नाही. तुझं ते "घाबरू नकोस" वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी मुद्दाम त्या गोळ्या आणल्या. आता काळं झालं तर गोळ्यांनी झालं म्हणता येईल. डॉक्टरशी खोटं बोलले ते तुला वाचवायला नव्हे, स्वतःला. जूनचं त्याला अजून सांगितलेलं नाही. दुर्बिणीत गाठ निघाली नाही, नुसता व्रण निघाला, तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तुझ्या आईला वाटलं, सुई टोचली म्हणून.

तुझी चूक आहेच. तू काळं होईल म्हणालीस, पण "आधी कसं होत होतं?" हे विचारलं नाहीस. विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं. ते खोटं तुला ओळखता यायला हवं, आणि ते शिकवायला जगात कुठली शाळा आहे तर ती हीच, जी तू सोमवारी सोडायला निघाली आहेस. अर्ज फाड. नाहीतर मी त्या पिवळ्या गोळ्या पुन्हा सुरू करीन. ही धमकी आहे, नीट वाच.

मावशी

३० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

अर्ज फाडला. पत्र नाही फाडलं, त्याबद्दल माफी नाही मागणार. पण जूनचं मी तुझ्या त्या तरुण डॉक्टरला फोन करून कळवलं. गाठ नाही हे त्याने डोळ्यांनी बघितलं आहे, तरी व्रणातून घेतलेल्या तुकड्याची तपासणी तो पुन्हा बघणार आहे. शपथ या वेळी तू घातलीच नव्हतीस.

आम्हाला आता आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात नेतात. परवा मला एक वयस्कर गवंडी दिला, कमी हिमोग्लोबिनवाला. मी विचारलं, काका, शौचाचा रंग कसा असतो? म्हणाले, "एकदम चांगला." विचारलं, कधीपासून दमता? "कालपासूनच." दुखण्याच्या गोळ्या? "छे, आपल्याला सवय नाही." इतक्या पटापट उत्तरं की मला तू आठवलीस. मी कागद मिटून ठेवला. स्टूल ओढलं आणि बसले. म्हटलं, काका, घरी गेल्यावर कुणाला काय काय कळू नये असं वाटतंय? त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "सून नोकरीला जाते, पोरं माझ्याकडे असतात. मी आजारी पडलो तर पोरांना कोण बघेल?" आणि मग सगळं सांगितलं, मार्च महिन्यापासूनचं. मॅडम मागे उभ्या होत्या, मला माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन खूप रडले.

आता तुला विचारते. पुस्तक मिटलेलं आहे, पाठ कुठलाही नाही. कशी आहेस? थट्टा न करता लिही.

तुझी भाची

७ डिसेंबर

बाळा,

थट्टा न करता लिहायचं म्हणजे मला अवघड जातं, दोन कागद फाडून झाले.

तुकड्यात काही वाईट निघालं नाही. हिमोग्लोबिन दहा आहे. मी माझ्या घरी परतले आणि पार्लर उघडलं, पण फक्त सकाळचं, आणि खुर्चीवर बसून कापते. दुपारनंतर दमते आणि आता दमले असं म्हणते. ताई रोज येते, कुलूप तीच उघडते. परवा तिला जूनचं सांगितलं. ती ओरडली नाही. माझा हात धरून बसली आणि म्हणाली, बाबांच्या वेळी तिलाही आधी कळलं होतं, तीही बोलली नव्हती.

रोज सकाळी संडासात जाताना मला अजून भीती वाटते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगते.

सुट्टी लागली की ये.

मावशी